मेणताई उठली आणि परत बसली

निवडणुकीनंतरच्या पहिल्याच रविवारी फादरांनी मेणताईला आणि तिच्या धाकट्या भावाला कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली वेदीवरची भाकर, नाकारलं, ही बातमी मिस्साची उपासना संपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत तयार झाली होती. जेवणाच्या वेळेपर्यंत तिला हातपाय फुटले. शिवणवाली म्हणाली, दोघांनी मिळून त्या मास्तरणीला मत दिलं, गर्भपाताचा कायदा सैल करायला निघालेल्या त्या मास्तरणीला, आणि फादरांना ते पापनिवेदनात कळलं. पापनिवेदनातलं बाहेर येत नसतं हे शिवणवालीला चांगलं ठाऊक होतं, पण बातमी रंगात आली की तिची कात्री असल्या बारीक गोष्टी सरळ कापून टाकायची. तिच्या जावेने वर ठिगळ लावलं, की मेणताई वेदीसमोर ढसाढसा रडली. ज्यांनी मेणताईला आयुष्यात एकदा जरी पाहिलं होतं, त्यांनी रडण्याचा भाग गाळला आणि बाकीचं पुढे पाठवलं.

मेणताई म्हणजे चर्चच्या मेणबत्त्या करणारी. तिच्या घरात मऊ असं फक्त मेणच होतं, आणि तेही ती सांगेल तेवढाच वेळ. मागच्या खोलीत पाण्याच्या मोठ्या पातेल्यात मेणाचं भांडं ठेवलेलं असायचं, कारण मेण थेट आचेवर ठेवणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा त्याचं घर विम्याचं असतं, असं तिचं मत होतं. वाती ताणून बांधायच्या, साच्यात मेण सोडायचं, वर खळगा पडला की पुन्हा भरायचा, गार झालं की सुरीने बूड सपाट करायचं. वेदीवरच्या मेणबत्तीला ती मधमाशीचं मेण वापरायची आणि ती वाकडी जळली तर दोष फादरांच्या उघड्या खिडकीचा असायचा.

नियमांच्या बाबतीत तर ती पोपपेक्षा कडक. कम्युनियन घेण्याआधी पोटात अन्न जाऊ नये, हा उपास चर्चने कधीचाच तासाभरावर आणून ठेवला होता. मेणताईला ही सवलत मान्य नव्हती. ती शनिवारी रात्री जेवायची आणि मग रविवारची मिस्सा होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. "तासभर तर मांजरसुद्धा उपाशी राहतं," ती म्हणायची.

तिने लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. खरं कारण पुढच्या खोलीत बसलेलं असायचं. पुढच्या खोलीत धाकट्याचं कुलपांचं दुकान होतं. धाकटा साठीला टेकला होता, मिशा करड्या झाल्या होत्या, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ताईच्या तोंडी तो धाकट्याच होता. आई तो तान्हा असताना गेली आणि जेमतेम शाळेत जायच्या वयाच्या ताईने त्याला कडेवर घेतलं ते खऱ्या अर्थाने कधी खाली ठेवलंच नाही. गावात त्याला कुलूप म्हणत. धंद्यावरून म्हणत आणि तोंडावरूनही म्हणत, कारण दिवसाकाठी त्याच्या तोंडून निघणारे शब्द त्याच्या भिंतीवरच्या किल्ल्यांपेक्षा कमी असायचे.

दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी होती. तिच्यातून चहा जायचा, रिकामा कप परत यायचा आणि दिवसभर ताईचे टोमणे जायचे. टोमणे परत येत नसत. चर्चमध्येही दोघं तिसऱ्या बाकावर भिंतीच्या कडेला बसायची, आधी तो आत, मग ती बाहेरच्या टोकाला, जणू तो पळून जाईल.

तर कायदेमंडळाची निवडणूक आली. उमेदवार दोन. एक कंत्राटदार, जो आधीपासून सत्तेत होता. तो स्वतः चर्चला येणारा, गर्भपाताच्या ठाम विरोधात, आणि सभेत पोटातल्या बाळांबद्दल बोलताना त्याचा आवाज असा भरून यायचा की पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल काढायच्या. दुसरी मास्तरीण. तिचं म्हणणं, हा निर्णय बाईचा, कायद्याने मधे पडू नये. पण तिचं आणखीही एक म्हणणं होतं. टेकडीवरचं प्रसूतिगृह बंद पडलं होतं, ते ती पुन्हा सुरू करणार होती. ते बंद केलं होतं कंत्राटदाराच्याच कारकिर्दीत, खर्च परवडत नाही म्हणून. तेव्हापासून बाळंतिणीला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागायचं. मागच्या हिवाळ्यात पाववाल्याच्या सुनेला नेताना वाटेतच उशीर झाला आणि बाळ गेलं. सून वाचली, पण तेव्हापासून ती माडीवरून खाली उतरली नव्हती.

मेणताईचं ठरलेलं होतं. तिने ते ठरवण्यात सकाळचा चहा निवण्याइतकाही वेळ घालवला नव्हता. पण एके दिवशी तिने खिडकीतून सहज म्हणून टाकलं, "कंत्राटदाराचा आवाज फार लागतो, पण माणूस आपल्या बाजूचा आहे." आणि पलीकडून उत्तर आलं.

"माझं अजून ठरलं नाही."

मेणताईच्या हातातला साचा कलंडला. एक तर धाकटा बोलला होता, आणि हे बोलला होता.

"ठरायचंय काय त्यात?"

"बघतो," धाकटा म्हणाला, आणि किल्ली घासणाऱ्या कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"नीट ऐक," ताई खिडकीत तोंड घालून म्हणाली. "त्या मास्तरणीला मत दिलंस तर मी तुझ्या बाकावर बसणार नाही. शिवणवालीच्या शेजारी जाऊन बसेन."

ही धमकी साधी नव्हती. शिवणवाली मिस्सा चालू असताना कानात बोलायची आणि तिच्या तोंडाला लसणाचा वास यायचा.

दुसऱ्या दिवशी मेणताई वेदीच्या मेणबत्त्या द्यायच्या निमित्ताने चर्चमागच्या फादरांच्या घरी गेली. फादर वयाने धाकट्याला मुलगा शोभतील असे, अंगात जुना स्वेटर, गळका नळ स्वतःच दुरुस्त करायला बसले होते आणि नळ जिंकत होता.

"फादर, येत्या रविवारी प्रवचनात तेवढं नाव घ्या."

"कुणाचं, ताई?"

"ज्याला मत द्यायचं नाही तिचं."

फादरांनी पाना खाली ठेवला. "पोटातलं बाळ मारणं हे घोर पाप आहे, हे मी मागच्याच महिन्यात सांगितलं. पुढेही सांगेन. त्यात माझी जीभ अडखळणार नाही. पण उमेदवाराचं नाव मी प्रवचनात घेणार नाही. ते ठरवणं तुमचं काम आहे."

"मग झालं की. जी त्या पापाला वाट मोकळी करून देणार, तिला मत देणारा त्या पापात भागीदार. हिशेब सरळ आहे."

"तो कशासाठी मत देतो यावर आहे ते. ती गर्भपाताला मोकळीक देणार आहे म्हणून, ते हवंय म्हणून कुणी तिला मत दिलं, तर तो भागीदार. त्यात शंका नाही. पण एखाद्याला तिचं हे म्हणणं अजिबात मान्य नाही, आणि दुसऱ्या एखाद्या फार मोठ्या कारणासाठी तो तिला मत देतो. तर त्याचा हात त्या पापाला लागतो तो लांबून. तसं करायला चर्च सरसकट मनाई करत नाही. मात्र कारण तितकंच जड हवं."

"किती जड?"

"तिथंच तर खरी अडचण आहे," फादर म्हणाले. "एका पारड्यात बाळाचा जीव असेल, तर दुसऱ्यात रस्ता आणि वीजबिल टाकून काटा हलणार नाही. तिथं जिवाच्या तोलाचंच काही लागतं. आणि नुसतं आश्वासन आहे की खरंच होणार आहे, हेही पाहावं लागतं."

"माझ्याकडे काटा आहे, फादर. त्यावर मेण तोलतात. बाळं तोलत नाहीत."

"म्हणूनच मी नाव घेत नाही," फादर म्हणाले. "आणि दोन्हीकडे मन घेईना तर कोरं मत देऊन परत येणाराही चर्चबाहेर जात नाही."

मेणताईने मेणबत्त्या टेबलावर जरा जोरातच ठेवल्या. "म्हणजे धाकटा तुमच्याकडे येऊन गेला तर."

"गावातलं कोण कोण येऊन गेलं हे मी सांगत नाही."

"सांगायला कशाला हवं. त्याने नळ पाहिला असता तर दुरुस्त करून गेला असता, म्हणजे नळ गळायच्या आधी आला असणार." फादरांना हसू आवरलं नाही. मेणताई हसली नाही. "तो चुकतोय, फादर."

"तसं वाटत असेल तर त्याला सांगा. काम चूक की बरोबर यावर भांडायला तुम्हाला मोकळीक आहे. पण त्याच्या आत देवासमोर काय चाललंय, ते तुम्हाला दिसत नाही. मलाही दिसत नाही."

"मला दिसतं," मेणताई म्हणाली. "मी त्याला वाढवलाय." आणि जाता जाता तिने नळाच्या तोंडाला मेणाचा एक गोळा दाबून बसवला. तो नळ पुढे कितीतरी दिवस गळला नाही म्हणतात.

घरी येऊन तिने खिडकी उघडली. जे ती कधी बोलली नव्हती ते त्या दिवशी बोलली, आणि नेहमीच्या आवाजात नाही.

"धाकट्या, तुझ्या वेळी डॉक्टरने आईला सांगितलं होतं, हे मूल ठेवू नका. तुमचं हृदय टिकायचं नाही. मी दाराआड उभी होते. आई म्हणाली, आता आलंय ते येऊ दे. तुझा बाप्तिस्मा तिने डोळ्यांनी पाहिला आणि मग गेली. तू त्या मास्तरणीला मत देणार? तू?"

कानस थांबली. धाकट्याने हातातली किल्ली खाली ठेवली.

"मला माहीत होतं, ताई. बाबांनी सांगितलं होतं."

"मग?"

"आई माझ्या वेळी कुठं बाळंत झाली?"

कुठं ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस तिथंच जन्मला होता.

"टेकडीवर," धाकटा म्हणाला. "त्या दाराला कुलूप मी लावलंय. कंत्राटदाराच्या माणसांनी बोलावलं, मी गेलो, चांगलं मजबूत बसवलं, किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. तेव्हा मनात काही आलं नाही, कुलूप म्हणजे कुलूप. मग पाववाल्याच्या सुनेचं ते झालं." तो थांबला. एवढं बोलल्याने त्याला दम लागल्यासारखं झालं होतं. "मास्तरीण परवा दुकानात आली होती, किल्ली करून घ्यायला. तिला तोंडावर सांगितलं, गर्भपाताचं तुझं म्हणणं मला मान्य नाही, निवडून आलीस तर त्यावरून तुझ्या दारात येऊन भांडेन."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, या. किल्ली छान झालीय म्हणाली."

"तिचा काय भरवसा? प्रसूतिगृह राहील बाजूला आणि नको ते तेवढं करून ठेवेल. तेव्हा काय करशील?"

"तोच विचार करतोय."

"विचार कर," ताई म्हणाली. "पण बाकाचं मी बोलले ते बोलले." आणि तिने खिडकी लावून घेतली. त्यानंतर चहा पुढच्या दाराने जाऊ लागला, रस्त्यावरून वळसा घालून, कप बशीने झाकून. शिवणवालीने हे पाहिलं नसतं तरच नवल. तिने तीन घरी सांगितलं की घराची वाटणी झाली.

मतदानाच्या दिवशी दोघं वेगवेगळी गेली. ताई सकाळी पहिल्या रांगेत. धाकटा दुपारी दुकान बंद करून. मत कुणाला दिलं, तिने विचारलं नाही. विचारलं की तो सांगेल, आणि त्याने सांगितलं की आपल्याला शिवणवालीशेजारी बसावं लागेल, हे तिला कळत होतं. मेणताई शब्दाची पक्की होती आणि तिला स्वतःच्या या गुणाचा त्या आठवड्यात फार जाच झाला. निकाल लागायला अजून अवकाश होता. गाव आपलं अंदाज बांधत बसलं होतं.

मग तो रविवार उजाडला. सकाळीच कुणीतरी धाकट्याला हाक मारून घेऊन गेलं, कुणाचं तरी कुलूप अडकलं होतं. ताई एकटीच चर्चला गेली. तिसऱ्या बाकापाशी क्षणभर उभी राहिली. शब्दाप्रमाणे पाहिलं तर तिला अजून काहीच माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्यावरून बाक सोडायला ती काही शिवणवाली नव्हती. ती आपल्या जागी बसली. धाकटा पहिलं वाचन चालू असताना धापा टाकत आला आणि तिच्या गुडघ्यांवरून वाट काढत आत भिंतीकडे जाऊन बसला. त्याच्या मिशीवर काहीतरी पांढरं लागलं होतं. कुठल्या तरी दाराची चौकट खरवडून आला असेल, असं म्हणून तिने त्याला रुमाल दिला. त्याने मुकाट्याने मिशी पुसली आणि तिच्याकडे पाहिलं नाही.

ते न पाहणं तिच्या मनात रुतून बसलं.

कम्युनियनची वेळ झाली. बाकांमधून लोक उठू लागले. मेणताई उठली, बाजूला सरकली, आणि धाकट्याने बाहेर यावं म्हणून थांबली. तो उठला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून बसून राहिला. साठ वर्षांत तापाने फणफणला असतानासुद्धा जो मुलगा तिच्या मागून वेदीपाशी गेला, तो आज बसून राहिला होता.

मेणताईला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. याने तिलाच मत दिलं. आणि आता याचं मन याला खातंय, आपण घोर पापात आहोत असं समजून हा ख्रिस्तशरीर घ्यायला उठत नाहीये. मी सांगितलं होतं, असं म्हणायची वेळ आयती चालून आली होती. शब्दाप्रमाणे आता तिने वेदीपाशी जाऊन परत येताना सरळ शिवणवालीच्या बाकावर बसायला हवं होतं. तिचं स्वतःचं मन स्वच्छ होतं, पोट आदल्या रात्रीपासून रिकामं होतं, आणि रांग पुढे सरकत होती.

तिने रांगेकडे पाहिलं. रांगेतला प्रत्येक जण तिसऱ्या बाकाकडे पाहत होता. लोक असे पाहत होते, जसे दुकानाच्या काचेतून आत पाहतात. मग तिने धाकट्याच्या मानेकडे पाहिलं. मानेवर मागे एक जागा होती, लहानपणी तो रडून झोपला की ती तिथं फुंकर घालायची. त्याच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसतं असं ती फादरांना म्हणाली होती. या घडीला तिला फक्त मान दिसत होती.

"सरक," मेणताई म्हणाली.

धाकट्याने दचकून वर पाहिलं. "ताई, तू जा की."

"सरक म्हणते ना."

तो भिंतीला टेकेपर्यंत सरकला. ती त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून, पदर नीट करून, आणि रांगेतल्या एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवत राहिली. बहुतेकांना अचानक जमिनीवरच्या फरशा फार सुंदर वाटू लागल्या. शिवणवालीचं पाऊल चुकलं आणि पुढच्या माणसाच्या टाचेवर पडलं. फादरांनी वेदीवरून एकदा तिसऱ्या बाकाकडे पाहिलं आणि पुढच्याच्या हातावर ख्रिस्तशरीर ठेवलं.

मिस्सा संपल्यावर दोघं बाजूच्या दाराने बाहेर पडली. भिंतीच्या कडेने बरीच पुढे आल्यावर धाकटा म्हणाला, "तू का नाही गेलीस?"

"आधी तू का नाही गेलास ते सांग."

"मी पाव खाल्ला होता."

मेणताई थांबली.

"पाववाल्याच्या दुकानाचं शटर अडकलं होतं," धाकटा म्हणाला. "ते उघडलं. मिस्साची पहिली घंटा झालीच होती, मी निघालो होतो. तेवढ्यात सून खाली आली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच जिना उतरली. भट्टीतला पहिला पाव काढला आणि माझ्या हातात दिला. सासू तिच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती. नको कसं म्हणणार? खाल्ला. मग कम्युनियनपर्यंत उपासाचा तास काही भरत नव्हता."

"एवढंच?"

"एवढंच. लोणीही लावलं होतं तिने."

मेणताई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मग तिने विचारलं, कारण आता विचारायला भीती उरली नव्हती. "आणि मत?"

"मास्तरणीला," धाकटा म्हणाला. "नीट विचार करून दिलं. तुझं काही खोटं वाटलं म्हणून नाही. तू म्हणतेस तसं झालं तर तिच्या दारात जाऊन भांडेन, सांगितलंय तिला." त्याने घसा साफ केला. "आता पुढच्या रविवारी तू कुठं बसणार?"

"तिसऱ्या बाकावर. आणखी कुठं?"

"तू बोलली होतीस."

"बोलले होते. पण बसून झालं ना माझं," मेणताई म्हणाली. "तेही तू पापी आहेस असं धरून चालून. आता नुसता पाव निघाला तर उठू का?" थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "तरी चुकलासच तू. हे मी मरेपर्यंत म्हणणार."

"म्हण," धाकटा म्हणाला.

घरी आल्यावर तिने मधली खिडकी उघडली आणि चहा तिथून दिला.

कम्युनियन फादरांनी त्या दिवशी कुणालाही नाकारलं नाही. वेदीसमोर कुणी रडलं नाही. भावाने मास्तरणीला मत दिलं होतं, बहिणीने कंत्राटदाराला. भावाने पाव खाल्ला होता. बहीण उपाशी होती.